वर लोकर, आत कापूस

ओलावा ओळखणं हा माझा धंदा होता. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी सगळी नोकरी ग्रेडर म्हणून काढली. ग्रेडर म्हणजे फाटकाशी उभा राहून, आलेल्या गाडीतला कापूस कुठल्या प्रतीचा आणि किती कोरडा हे सांगणारा माणूस. मापायची यंत्रं नंतर आली, आधी माझा हात होता. वरचा कापूस कोणीही वाळवून आणतो, म्हणून गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातला मूठभर कापूस काढायचा, दाबायचा आणि सोडायचा. कोरडा असेल तर मूठ उघडताच फुलून येतो, ओला असेल तर दबल्यासारखा पडून राहतो. तरी शंका राहिली तर एक सरकी दाताखाली धरायची. कट् वाजली तर माल घ्या, नुसती चेपली तर गाडी वापस. शेतकरी शिव्या द्यायचे, माझ्या सात पिढ्या उद्धरायचे, पण माझा हात चुकला असं एकालाही दाखवून देता आलं नाही. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे थोडी, पण खरी आहे.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात आमच्या बैठकीतला गालिचा पाण्यात बुडाला, तेव्हा गालिच्याची मला काळजी वाटली नाही. ओली वस्तू वाळवायची एवढंच काम होतं. काळजी वाटली ती गालिचा सुनेचा होता म्हणून.

सून मुकुटबनकडची. लग्नाआधी तिच्या गावात गालिचे विणायचा वर्ग निघाला होता. कॉलेज करून ती तिथं जायची, आणि दोन वर्षं खपून तिनं हा एक गालिचा स्वतःसाठी विणला. लाल जमीन, पांढरे काठ, मधे निळ्या फुलांची जाळी. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी तिच्या वडिलांनी तो मोठ्या हौसेनं मांडवात पसरून दाखवला आणि माझ्या जिभेला खाज सुटली. "लोकरीचा?" मी म्हणालो. "आमच्या गावात उन्हाळ्यात माणूस उभ्या उभ्या भाजते. याच्यावर बसून आम्ही खालूनही भाजून घ्यायचं काय?" सगळा मांडव हसला. तिचे वडीलही हसले. मुलीकडचा माणूस, न हसून करतो काय? ती तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गालिचा गुंडाळायला घेतला.

लग्नानंतर तो आमच्या बैठकीत आला. मुलगा नागपूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येतो. सून आमच्या गावच्या शाळेत शिक्षिका, म्हणून ती आम्हा दोघांजवळ राहते. चार वर्षं दर रविवारी तिनं तो गालिचा अंगणात नेऊन झटकला, आणि चार वर्षं मी त्याला वळसा घालून माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. पण भर मांडवात एकदा बोलून बसलेला माणूस नंतर कोणत्या तोंडानं कौतुक करणार?

आता नळाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून झाला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि कधी येईल ते सांगून येत नाही. म्हणून तोटी कोणी बंद करत नाही. तोटी उघडी सोडायची आणि खाली रिकामी बादली ठेवायची. आधी तोटीतून हवा फुसफुसते, मग बादली वाजते, मग सगळी गल्ली पाण्याचे गुंड, ड्रम, पातेली घेऊन धावते. मी याच्याही पुढे गेलो होतो. मी तोटीला पाइप लावून त्याचं टोक थेट बैठकीतल्या कूलरच्या टाकीत सोडायचो. टाकीत पाणी वाजलं की उठायचं, कूलर भरला की पाइप काढून ड्रमात टाकायचा. तेवढ्याच दोन बादल्या वाहायच्या वाचतात.

सुनेला ही युक्ती पसंत नव्हती. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि ती आठ दिवसांसाठी माहेरी निघाली. मी तिला सकाळच्या बसवर सोडायला गेलो, तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून ती म्हणाली, "बाबा, कूलरमध्ये पाइप सोडून कुठं जाऊ नका बरं."

"तू बिनघोर जाय," मी म्हणालो. "तुह्या जन्माच्या आधीपासून मी नळ भरून राह्यलो."

ती सोमवारी गेली. बुधवारी बायको बोरी अरबच्या बाजाराला गेली होती. मी उघड्या तोटीला पाइप लावला, टोक कूलरमध्ये सोडलं आणि चौकात चहाला गेलो. पाच मिनिटांचं काम. पण तिथं यंदा कपाशी लावावी की सोयाबीन यावर वाद पेटला होता, आणि मी नसलो की असे वाद नीट होत नाहीत. दीड-दोन तासांनी घरी आलो तर आमच्या पायरीवरून पाणी उतरत होतं आणि शेजारच्या गाईचं वासरू ते आरामात पीत उभं होतं.

कूलर भरून सांडला होता. उंबरा उंच, त्यामुळे बैठकीत आधी चांगलं चार बोटं पाणी साचलं आणि मगच ते बाहेर निघालं. गालिचा त्या पाण्याखाली शांत पडला होता. मी तोटी बंद करतोय तोवर बायको बाजाराची पिशवी घेऊन आली, आत डोकावली आणि पिशवीसकट पायरीवर बसली. गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांना गालिच्याचं काही नव्हतं, त्यांचा जीव पाण्यासाठी तुटत होता. "अव माय, इतलं पाणी!" एक म्हणाली. "आमच्या तोटीले धारच नाही, भांडे घासाले पुरत नाही, अन् इथं घर धुऊन राह्यले."

त्या गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "तिले काय सांगसान आता?"

"काहीच नाही. ती सोमवारी येते. तोवर असा वाळवतो का तिलेच ओळखू येणार नाही."

"फोन करून सांगा तरी."

"कायले? वाळवून राह्यलो ना मी."

कोरडा असताना जो गालिचा सून एकटी उचलायची, तो आम्हा दोघांना हलेना. पाण्यात बसलेली म्हैस उठवावी तसा रेटत रेटत आम्ही तो अंगणातल्या फरशीवर आणला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्यावर चालायला लागलो. टाचेखाली पाणी निघायचं, फरशीवरून मोरीकडे जायचं. पहिल्यांदा ते गढूळ होतं. मग लालसर झालं. तिथं मात्र मी थांबून खाली वाकलो. लाल रंग थोडा सुटला होता आणि एका बाजूचा पांढरा काठ गुलाबी झाला होता. बायकोनं ते पाहिलं. मी म्हणालो, "पाहून तरी कोण राह्यलं काठ?" तिनं खराटा घेतला आणि लाल पाणी मोरीकडे लोटलं.

पुढचं काम उन्हाचं. आमच्या उन्हावर माझा पूर्ण भरवसा आहे. मे महिन्यात दुपारी अंगणात ओला टॉवेल टाका, घरात जाऊन पाणी पिऊन या, टॉवेल पापडासारखा उभा राहतो. गुरुवारी दिवसभर गालिच्यानं ते ऊन खाल्लं. चार वाजता मी उकिडवा बसलो, लोकर मुठीत धरून दाबली आणि सोडली. झकास फुलून आली. आणखी दोन ठिकाणी पाहिलं, तेच. "वाळला," मी जाहीर केलं. मग तो गुंडाळला, अवकाळीचा नेम नाही म्हणून सोयाबीनच्या गंजीवर टाकतात तशी त्याच्यावर ताडपत्री लपेटली, दोरीनं करकचून बांधला आणि मधल्या खोलीत उभा करून ठेवला. बैठकीची फरशी पूर्ण सुकली की अंथरायचा होता.

शुक्रवारी बायको म्हणाली, घरात कसला तरी वास येतो आहे. मी म्हणालो, उंदीर मेला असेल. शनिवारी सकाळी वास मलाही आला, आणि उंदराचा तो नव्हता. मी दोरी सोडली, गुंडाळीच्या मधोमध हात घातला. आत गरम होतं.

ती गरमी मी चांगली ओळखतो. ओला कापूस ढीग लावून ठेवला की दोन दिवसांत पोटातून असाच तापतो, मग पिवळा पडतो, मग कुजतो. हे मी किती जणांना फाटकावर उभं करून सुनावलं होतं त्याला मोजमाप नाही. आणि माझ्याच घरात, मीच बांधलेल्या ताडपत्रीत, तोच प्रकार चालला होता.

गालिचा परत अंगणात ओढला, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारी आला. हा कास्तकार, माझ्याच वयाचा. ऐन हंगामात याच्या दोन गाड्या मी जिनिंगच्या फाटकावरून वापस पाठवल्या होत्या, आणि ते तो मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो खाली बसला, शर्टाची बाही वर सारली, आणि अगदी माझ्यासारखा कोपरापर्यंत हात गुंडाळीत घातला. डोळे मिटले. मग हात काढून बोटं एकमेकांवर चोळली.

"भाऊ," तो गंभीरपणे म्हणाला, "माल ओला आहे. ग्रेड नाही लागत. गाडी वापस न्या."

आणि मग असा हसला की ठसका लागून त्याला पाणी द्यावं लागलं. दुसरं कोणी असतं तर मी सोडलं नसतं. पण निकाल बरोबर होता, आणि बरोबर निकालाशी मी भांडत नाही.

"पण वरून तं कोरडा आहे," मी म्हणालो.

"खालून पाह्यला काय?" त्यानं एक टोक धरून गालिचा पालथा केला.

चार वर्षांत मी त्या गालिच्याची खालची बाजू नीट पाहिली नव्हती. लोकर फक्त वर होती. खाली उभे-आडवे धागे होते, आणि ते सुताचे होते. कापसाचे! वर लोकर, आत आपला कापूस. लोकर पाणी झटकून मोकळी झाली होती आणि कापूस ते पोटात धरून बसला होता. कापूस पाणी कसं धरतो हे या तालुक्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण घरातल्या गालिच्यात तो आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गाडीच्या तळाशी हात घालणारा मी, घरात मात्र वरची लोकर दाबून मोकळा झालो होतो.

शेजारी बाज आणायला गेला आणि मी तिथंच बसून राहिलो. पाठीमागून पाहिलं की विणकाम वाचता येतं. एका टोकाला गाठी ढिल्या होत्या, ओळी वाकड्या गेल्या होत्या, एके ठिकाणी निळ्याच्या जागी लाल गाठ बसली होती आणि ती सोडवून पुन्हा बांधलेली दिसत होती. तिथून हातभर पुढे गेलं की गाठी सारख्या होत जातात. मधे आलं की इतक्या घट्ट आणि एकसारख्या, की बोट फिरवलं तरी अडत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेजातून येऊन रोज दोन-चार ओळी बांधत होती आणि बांधता बांधता शिकत होती, ते सगळं तिथं दिसत होतं. मी नवा नवा फाटकावर उभा राहिलो तेव्हा माझाही हात दोन हंगाम असाच अडखळला होता. काम काय असतं ते मला कळतं, आणि तरी मी मांडवात ते बोललो होतो. मला लाज वाटली. चार वर्षं उशिरा वाटली, पण चांगली वाटली.

मग आम्ही ते काम रीतसर केलं. अंगणात दोन बाजा शेजारी शेजारी लावल्या, एक आमची, एक शेजाऱ्याची. त्यांच्यावर गालिचा पालथा टाकला, म्हणजे खालून वारा लागेल. ऊन आता नको होतं, रंग आणखी उडाला असता, म्हणून बाजा कडुनिंबाच्या सावलीत घेतल्या. आणि वारा हवा म्हणून मी बैठकीतला कूलर ओढत बाहेर आणला, त्याचं तोंड बाजांच्या खाली केलं. आमच्या भागातल्या कूलरचा पंखा काही साधा नसतो, समोर उभ्या माणसाची टोपी उडवतो. बायकोला सांगितलं, "जेवण झालं का कूलर सुरू कर," आणि मी ओसरीत आडवा झालो.

अशी गार झोप मला त्या उन्हाळ्यात लागली नव्हती. दोन तासांनी डोळे उघडले, तर ओल्या वाळ्याचा सुंदर वास येत होता. मी पडल्या पडल्या तो छातीभर घेतला, आणि मग ताडकन उठलो. बायकोनं आधी दोन बादल्या पाणी टाकीत ओतलं होतं, मोटर चालू केली होती, आणि मगच पंखा लावला होता. दोन तास कूलर गालिच्याच्या पोटावर दमट वारा मारत होता.

"अवं, पाणी काहून टाकलं?" मी ओरडलो.

"कूलर लाव म्हटलं तुम्ही," ती म्हणाली. "कूलरमध्ये पाणी नाही टाकू तं काय रॉकेल टाकू?"

तीस उन्हाळ्यांची सवय होती तिच्या हाताला, तिला तरी काय बोलणार? टाकी रिकामी केली, वाळ्याच्या तिन्ही ताट्या काढल्या, नुसता पंखा ठेवला. आणि मग तिथून हललो नाही. तासातासाने गालिचा दोघांनी धरून फिरवायचा, या टोकाचं त्या टोकाला, सोयाबीन परततात तसा. मुठीत धरून पाहायचं नाही. सुताची बाजू अंगठ्यानं दाबायची, आणि गार लागली की अजून ओली समजायची.

रविवारी दुपारपर्यंत मधला भाग गारच होता. सोमवार तोंडावर आला होता. बायको एकसारखी माझ्याकडे पाहत होती, आणि मलाही पहिल्यांदा धास्ती वाटली. काठाचं एक वेळ सांभाळून घेतलं असतं. पण गालिचा कुजला तर? तिनं ठेवलेल्या भरवशावर मी पाणी सोडलं असं झालं असतं, आणि या घरात ती मला बाबा म्हणाली असती ते नुसतं म्हणायचं म्हणून. तेवढ्यात तिचा फोन आला. चुलत बहिणीकडे पूजा निघाली आहे, दोन दिवस अजून थांबते, बुधवारी येते, बापूही सोबत येतील. बापू म्हणजे तिचे वडील. मी म्हणालो, "राह्य, बेटा, आरामात राह्य." फोन ठेवला आणि देव पावला म्हणालो.

मंगळवारी संध्याकाळी मी गालिचा इंच इंच दाबून पाहिला. वास गेला होता. गारवा गेला होता. शेजाऱ्याला बोलावून त्याचाही हात लावून घेतला. तो म्हणाला, "आता घ्या माल." बैठकीत अंथरला, गुलाबी काठ भिंतीकडे केला, त्याच्यावर खुर्ची सरकवली. मी स्वतःवर बेहद्द खूष होतो.

बुधवारी ते दोघं आले. व्याही चपला काढून आत आले, खुर्चीवर बसायला गेले आणि थबकले. ज्या माणसानं तो गालिचा मांडवात पसरला होता, त्याच्यापासून एक खुर्ची काय लपवणार? त्यांनी खुर्ची बाजूला केली. "हे काय झालं व पोरी? रंग कसा सुटला?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "माह्याच हातून झालं, बापू. निघायच्या दिवशी कूलरमध्ये पाइप सोडला अन् विसरून गेलती. सगळा भिजला."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "मास्तरीण झाली," ते म्हणाले, "लेकराइले शिकवते, अन् सोताले ध्यान नाही." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "इवाई, माफ करा. तुमच्या घरात पाणी घातलं पोरीनं. आमचंच शिकवणं कमी पडलं."

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. झाकली मूठ झाकलेलीच राहत होती. पण तो माणूस हात जोडून उभा होता. याच माणसाला मी भर मांडवात हसायला लावलं होतं, आणि आज तो माझ्या चुकीची माफी मला मागत होता. बायको दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मला ते सहन झालं नाही.

"हात खाली करा, इवाई," मी म्हणालो. "ती खोटं बोलून राह्यली. पाइप मी सोडून गेलतो. तिनं जाता जाता मले सांगतलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माही आहे. अन् साक्षगंधात बोललो, तेही चुकलंच."

 व्याही गुलाबी काठ सोडून कडेला बसले आणि ग्लासभर पाणी प्याले. मीही बसलो. बसल्यावर माझ्या डोक्यात आलं, की सून घरात येऊन दोन मिनिटं झाली नव्हती. पाइप, कूलर, हे हिला कोणी सांगितलं? मी दाराकडे पाहिलं. बायको पदर नीट करत होती, आणि तो आधीच नीट होता. म्हणजे गालिचा भिजला त्या बुधवारीच बायकोनं तिला फोन केला होता. पूजाबिजा काही नव्हती.

सून गालिच्याजवळ उकिडवी बसली. तिनं खिडकीकडचा कोपरा उलटला, सुताच्या बाजूनं अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी आणखीन दोन दिवस थांबली असती तं बरं झालं असतं. हा कोपरा ओलाच आहे."

मी अंगठा लावून पाहिला. गार होता.

"हाव," मी म्हणालो, आणि दुसरं टोक उचललं.